शेवटची अकरा पानं

५ नोव्हेंबर, रविवार

मास्तर,

हे अक्षर कुणाचं म्हणून तू पाकीट उलटंपालटं करून बघशील. माझंच आहे. भिंगरीचं. कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. पत्राची सुरुवात कशी करतात ते वर्गात शिकवलं त्या दिवशी मी कुंपणावरून उडी मारून पळालो होतो, तेव्हा वरचं मानपानाचं सगळं तुझं तूच लावून घे.

हो, मला लिहिता येतं. वाचताही येतं. अडखळत, एकेका शब्दाला बोट लावून, पण येतं. पाचवीपर्यंत होतो शाळेत. हे तुला कधी बोललो नाही. चार महिने रोज दुपारच्या सुटीत तू मला पुस्तक वाचून दाखवलंस आणि मी ठोंब्यासारखा तोंड उघडं टाकून ऐकत बसलो. लहानपणी आमची ताई भिंतीला पाठ लावून मला असं वाचून दाखवायची. पुस्तक नसलं तर पुडीचा कागद उलगडून वाचायची. तिचं लग्न झालं आणि ते बंद पडलं. पुढे मी चार वर्षांत सहा कामं सोडली, किती खोल्या बदलल्या त्याचा हिशोब नाही, पण माझ्यासाठी म्हणून कुणी मोठ्याने वाचतंय असं परत झालं नाही. मला येतं म्हटल्यावर तू म्हणाला असतास, मग वाच की तुझं तू. म्हणून गप्प बसलो. त्यात कुणाचं काही बिघडेल असं वाटलं नव्हतं.

आता लाँड्रीतल्या कामाचं सांगतो. तुझ्या जागी घडीच्या टेबलावर एक म्हातारबा दिलाय. त्याला सगळे घड्याळ म्हणतात, कारण दर पाच मिनिटांनी भिंतीकडे बघतो. माणूस वाईट नाही. पण चादर झटकायला वर धरली की हाक नाही, इशारा नाही, सरळ ओढतो. परवा सहा चादरी ओल्या फरशीवर पडल्या आणि सहाच्या सहा परत धुवायला गेल्या. मी म्हटलं, "बाबा, ओढायच्या आधी विचारा तरी, आहेस का म्हणून."

तर म्हणाला, "आहेस ते दिसतंय की. जाणार कुठे?"

त्याला कसं समजावू? चादर वर धरली की समोरचा माणूस दिसतच नाही. पांढरं तेवढं दिसतं. आपला कसा कायदा होता, इस्पितळाचा शिक्का असलेलं टोक ज्याच्या हातात येईल त्याने विचारायचं, "आहेस?" समोरच्याने म्हणायचं, "आहे." मग झटका, मग घडी, मग एकमेकांकडे चालत येऊन टोकं दुसऱ्याच्या हातात. दिवसाला चारशे चादरी. म्हणजे दिवसातून चारशे वेळा आपण एकमेकांना विचारत होतो. मला वाटायचं आपण चादरींचं काम करतोय.

तुला कामावरून काढलं त्या दिवसाचं म्हणशील तर मी गप्प राहिलो ते चुकलंच. मुकादमाचा आवाज चढला की माझी दातखीळ बसते, तुला माहीत आहे. पुस्तक गाठोड्यातून मीच काढलं होतं, ठेवून घेऊ म्हणून गळ मीच घातली होती, एवढं तरी बोलायला हवं होतं. शेवटच्या पानांचं काय झालं ते देव जाणे. गेली असतील धुण्यात.

पत्ता तुझ्या मावशींकडून घेतला. त्यांच्यावर चिडू नकोस. दोन ओळी लिही.

तुझा,
भिंगरी


२६ नोव्हेंबर, रविवार

मास्तर,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. मी रोज फाटकावरच्या माणसाला विचारतो, पत्र आहे का. आता तो मला लांबून बघूनच मान हलवतो.

काल रफूच्या खोलीत मावशींना गाठलं. फाटक्या चादरींचा ढीग पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मला बघून सुईत दोरा ओवायचा थांबवला.

"तुझं तोंड बघायचं नाहीये मला," म्हणाल्या. "बस त्या स्टुलावर. चहा घेणार?"

मी बसलो. चहा घेतला. मग शिवता शिवता त्यांनी सगळं सांगितलं. छापखान्यात तुझी जागा जवळपास पक्की झाली होती, आणि त्यांनी इथल्या कामाचा दाखला मागितला. दाखल्यावर मुकादमाने शेरा मारलाय, सापडलेली वस्तू लपवली आणि तिचं नुकसान केलं. तो वाचून छापखान्याच्या मालकाने म्हणे दाखला परत तुझ्या हातात ठेवला आणि दार दाखवलं. आता तू कुठल्याशा गोदामात पोती मोजतोस.

"आणि माझं पत्र?"

"पोचलं. उघडलं नाही त्याने."

"फेकलं?"

"फेकलंही नाही. खिडकीत ठेवलंय. वारा आला की उडू नये म्हणून वर तांब्या ठेवलाय."

तो तांब्या काल दुपारपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तू उघडत नसलास तरी मी लिहिणार. न उघडलेल्या पत्रात लिहिणं सोपं पडतं, खोटं कशाला बोलू.

ते पुस्तक आलं तो दिवस आठवतो तुला? आपल्याकडे गाठोड्यांत काय काय निघायचं. चष्मे, चमचे, दातांची कवळी, आणि चपला, त्याही नेहमी डाव्या पायाच्याच. सगळं त्याच दिवशी ऑफिसात जमा करायचं. पण पुस्तक कधी निघालं नव्हतं. तू पहिलं पान उघडून सांगितलंस, अमेरिकेतली जुनी कादंबरी आहे, आपल्या भाषेत केलेली, आणि वर मालकाचं नाव आहे. मी म्हटलं, वाचून झालं की देऊ, तो कुठे पळतोय. तू दोन दिवस नको नको म्हणालास आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वाचायला घेतलंस.

त्यातल्या दोघांची नावं तुझ्या जिभेला वळेनात. मग आपण एकाला वरचा म्हणायला लागलो आणि दुसऱ्याला खालचा. दोघं विहिरी खणणारे. नुसतं गवतच गवत असलेल्या सपाट मुलखात गावोगाव फिरायचे आणि लोकांच्या विहिरी खणायचे. खालचा दोराने उतरून खणायचा, वरचा दोर धरायचा. पाणी लागलं की पहिला पेला त्यांना मिळायचा आणि दुसऱ्या दिवशी निघा म्हणायचे. आपल्याला एक विहीर असावी, तिच्या शेजारी घर असावं, घरापुढे बाक असावा, आणि त्या बाकावरून आपल्याला कुणी उठ म्हणू नये, एवढंच त्या खालच्याचं मागणं होतं.

बाकाचं तू वाचलंस तेव्हा मी हसलो होतो. आणि तेच पान परत वाच म्हणालो होतो.

मग आपलंही सुरू झालं. छोटी लाँड्री. दोन टेबलं, एक मशीन, रस्त्याकडे तोंड. मुकादम नाही, भोंगा नाही. लोकांच्या खिशात राहून गेलेल्या वस्तूंसाठी तुला काचेचं कपाट पाहिजे होतं. मला मागे एक खोली पाहिजे होती, आतून कडी असलेली. पाटीवर आधी कुणाचं नाव यावरून आपण तीन दिवस भांडलो. तू म्हणालास, 'भिंगरी आणि मास्तर' वाचून लोक सर्कस समजून आत येतील. मी म्हटलं, येऊ देत की, चादर घेऊनच येतील ना.

आणि मग पुस्तक अडलं. वरच्याला रेल्वेत नोकरीचं पत्र आलेलं असतं. ते त्याने लपवलेलं असतं. खालचा खोल विहिरीत असतो, वरून माती पडते आणि तो ओरडतो, "वर आहेस ना?" बस. पुढची पानंच नाहीत.

त्या पानांचं खरं सांगायचं तर

इथे थांबतो. भोंगा झाला.

तुझा,
भिंगरी


१७ डिसेंबर, रविवार

मास्तर,

रविवारी आपल्याकडे भोंगा होत नाही. तुझ्या लक्षात आलं असतं. पाकीट उघडलं असतंस तर.

आता सरळच सांगतो. पानं माझ्याकडे आहेत. अकरा. माझ्या ट्रंकेत, हिवाळ्याच्या स्वेटरच्या घडीत. पहिल्यापासून.

तू एकदा डबा धुता धुता म्हणाला होतास, "हे पुस्तक संपलं की ऑफिसात देऊन टाकतो, आणि मग मीही सुटतो बघ. छापखान्यात जागा निघतेय." तू सहज बोललास. डबा पालथा घातलास आणि हात पुसत कामाला गेलास. माझ्या डोक्यात मात्र ते खिळ्यासारखं बसलं. पुस्तक संपलं की मास्तर जाणार. मग पुस्तक संपायलाच नको. शेवटची पानं भिजून शिवणीतून सुटलेली होतीच, नुसतं ओढायचं होतं. तू हात धुवायला गेलास तेवढ्या वेळात झालं.

असला बावळटपणा शाळेतलं पोरही करणार नाही. माणूस काय पुस्तकाच्या पानांनी बांधला जातो? पण खरं सांगू, बांधलास की तू. छापखान्याला कळवलंस, पुढच्या महिन्यात येतो. आणि रोज दुपारी नवा शेवट रचून सांगायला लागलास. एकदा वरच्याला रेल्वेत पाठवलंस आणि तिथे त्याला करमेना. एकदा खालच्यालाच आधी सगळं माहीत असतं. एकदा तर दोघं विहिरीत उतरले आणि वर दोर धरायला कुणीच नाही, आणि तू म्हणालास, "अरे, हा शेवट रद्द, आता यांना बाहेर कसं काढू?" आपण इतके हसलो की मुकादम बघायला आला. ते तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. चोरीवर उभे होते, तरी होते.

मग त्या बाई आल्या. तू होतास तिथे, तुला काय सांगायचं. पण मला लिहायचंय, एकदा तरी जसं झालं तसं.

मुकादमाने मशिनं बंद करायला लावली. बाई दारात उभ्या राहून बोलल्या. त्यांचे वडील इस्पितळात होते, त्या रोज त्यांना एक प्रकरण वाचून दाखवायच्या, शेवटचं प्रकरण राहिलं आणि ते गेले. पलंग रिकामा करताना पुस्तक चादरींबरोबर गेलं. इकडे यायचा धीर व्हायला त्यांना सात महिने लागले. त्यांना रागवायचं नव्हतं, फक्त ते शेवटचं प्रकरण वाचायचं होतं.

तू सरळ कपाटाकडे गेलास आणि पुस्तक आणून त्यांच्या हातात दिलंस. म्हणालास, "चूक माझी आहे, बाई. वाचायला ठेवलं होतं." त्यांनी शेवट उघडला. म्हणाल्या, "इथलीच नाहीत?" त्यांचा तो आवाज.

मुकादम तुझ्यावर ओरडला, फाडलीस का म्हणून. तू म्हणालास, "सापडत नाहीत." मग त्याची नजर माझ्यावर आली. आणि तो म्हणाला, "ह्याला काय विचारायचं! ह्याच्या हातात पुस्तक उलटं दिलं तरी ह्याला कळायचं नाही."

सगळे हसले. मास्तर, मीही हसलो.

तू हसला नाहीस. आपल्या टेबलावर एक चादर अर्धी राहिली होती. तू येऊन तुझी दोन टोकं उचललीस, मी माझी. शिक्का माझ्याकडे होता. मी विचारलं, "आहेस?" तू टोकं टेबलावर हलकेच ठेवलीस आणि निघून गेलास. टाकलीही नाहीस. ठेवलीस.

हे पत्रही खिडकीत जाणार, माहीत आहे. पण आता मावशींनाही सांगणार आहे. बघू.

भिंगरी


१४ जानेवारी, रविवार

मास्तर,

मावशींना सांगितलं. वाटलं होतं, हातातली कात्री फेकून मारतील. त्यांनी दात लावून दोरा तोडला आणि म्हणाल्या, "झालं सांगून?"

"तुम्हाला धक्का नाही बसला?"

"मला कसला धक्का? पानं तुझ्याकडे आहेत हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तुझ्या खोलीवर स्वेटर मागायला आला होता म्हणे, तेव्हा दिसली त्याला."

मला आठवलं. तू आला होतास, आणि मग म्हणालास, राहू दे, तेवढी थंडी नाही. ऑगस्टमध्ये कुठली रे थंडी. आजारी होतास म्हणून मागितलास, आणि नुसताच अंगात ताप घेऊन परत गेलास.

म्हणजे तुला माहीत होतं. शेवट माझ्या ट्रंकेत आहे हे माहीत असून तू मला रोज नवा शेवट रचून देत होतास. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर "सापडत नाहीत" म्हणालास.

"मग बोलला का नाही?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाला, मावशी, तो स्वतःहून सांगेल. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर थांबलो होतो." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि आता पाकिटात घालून सांगतोस. चारचौघांत हसलास ना? मग सांगणं पाकिटात का?"

त्या दिवशी मी ट्रंक भरली. माझं तसंच असतं, जड झालं की निघायचं. आठवं काम, आठवं गाव. तळाशी स्वेटर घातला आणि पानं हाताला लागली. म्हटलं, जायच्या आधी निदान शेवट तरी वाचू. इतके महिने जवळ असून वाचला नव्हता, धीर होत नव्हता. एका पानाला एक दिवस लागला. वाचलेलं निसटू नये म्हणून वहीत उतरवत गेलो. अकरा दिवस ट्रंक भरलेलीच राहिली, बाराव्या दिवशी रिकामी केली.

सोमवारी दुपारच्या सुटीत सगळे डबे उघडून बसले होते. मुकादम पाणी प्यायला आला. मी उभा राहिलो.

"साहेब, त्या पुस्तकाची पानं मी काढली होती. मास्तरला उगाच काढलंत."

"खाली बस," तो म्हणाला. "मास्तरने पढवून पाठवलंय तुला. तुला वाचता येत नाही, तू पानं घेऊन काय त्यात भजी बांधणार होतास?"

"येतं वाचता."

"अस्सं?" त्याने नळावरच्या पाटीकडे बोट केलं. "वाच."

मी पाटीपाशी गेलो. बोट लावलं. "गाठोड्यात... सापडलेली... कोणतीही वस्तू... त्याच दिवशी... कार्यालयात जमा... करावी. न करणाऱ्यास... कामावरून... काढून टाकण्यात... येईल."

कुणी हसलं नाही. घड्याळानेसुद्धा भिंतीकडे बघितलं नाही.

"झालं?" मुकादम म्हणाला.

"खाली तुमची सही आहे. ती मात्र लागत नाही."

तेव्हा जो हशा उठला! मुकादमालाही आवरेना, पाण्याचा घोट नाकात गेला. मग ठसका थांबल्यावर म्हणाला, "एकाला काढलं तेव्हापासून घडीचं टेबल रखडतंय. दुसऱ्याला काढलं तर इस्पितळवाले मलाच काढतील." मला घडीवरून उचलून गाठोडी फोडायला पाठवलं, मळक्या कपड्यांच्या खोलीत. तिथे एकट्यानेच काम असतं. मी म्हटलं, चालेल, पण मास्तरच्या दाखल्यावरचा शेरा आजच्या आज काढा. त्याने डोळे वटारले. मी तिथून हललो नाही. तुला माहीत आहे, मला एका जागी उभं राहता येत नाही. त्या दिवशी आलं. चार वाजता नवा दाखला माझ्या हातात होता.

बाईंचा पत्ता मुकादमाच्या वहीत होता. काल गेलो. त्या चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत, दुकानावरच खोली आहे. दारातच मी सगळं एका दमात बोलून टाकलं आणि पानं पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही. मला वाटलं, आता दार लावतील.

"आत या," म्हणाल्या. खोलीत एक पलंग, पलंगाशेजारी एक खुर्ची. मला खुर्चीत बसवलं, त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "बाबांसाठी मीच वाचत होते. हे शेवटचं माझ्याच्याने वाचून होणार नाही. तुम्ही वाचा."

"बाई, मी फार अडखळतो."

"मला घाई नाही."

मास्तर, मी अकरा पानं वाचली, नावांच्या जागी आपला वरचा आणि खालचा. मोठ्याने, माणसासमोर. बाहेर ऊन खिडकीतून पलंगावर आलं आणि पलंगावरून जमिनीवर गेलं, तेवढा वेळ. त्या एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. चुकलो तिथे थांबून राहायच्या, तू थांबायचास तशा.

संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे वरचा रस्त्यापर्यंत गेला होता, हे त्याने खालच्याला कधीच सांगितलं नाही?"

"नाही. तिथेच संपतं."

"बाबांनी पुस्तक फेकून दिलं असतं," म्हणाल्या आणि हसल्या. डोळे पुसले. "आणि मग मलाच उचलून आणायला लावलं असतं." निघताना म्हणाल्या, "त्याने नाही सांगितलं. तुम्ही का सांगितलंत?"

मी म्हटलं, "त्यातल्या खालच्याला माहीत नव्हतं. आमच्यातल्या खालच्याला माहीत आहे."

हे पाकीटही खिडकीत ठेवणार असशील तर ठेव. दाखला यात घालत नाही. त्याची वेगळी सोय करतोय.

भिंगरी


२८ जानेवारी, रविवार

मास्तर,

हे पत्र पाकिटात घातलेलं नाही. मावशी उघडंच घेऊन येतील. पाकीटच नाही म्हटल्यावर उघडायचं की नाही हा प्रश्न मिटला. मावशींनी वाटेत वाचलं तर वाचू देत, त्यांनी वाचलंच असणार. मावशी, नमस्कार.

सोबत दोन गोष्टी आहेत. एक, तुझा नवा दाखला. त्यावर शेरा नाही, उलट मुकादमाने 'वाचनाची आवड आहे' असं लिहिलंय, ते त्याने चिडून लिहिलं की खरंच, ते मला समजलं नाही. छापखान्याच्या मालकाला मी स्वतः भेटून आलो. जागा भरलेली आहे, पण मार्चमध्ये एक निघणार आहे. दाखला घेऊन ये म्हणाला.

दुसरी, अकरा पानं. खरी पानं बाईंकडे आहेत, पुस्तकात परत शिवली त्यांनी. ही माझ्या अक्षरातली आहेत. काही ठिकाणी शब्द चुकले असतील, तुझे तू लावून घे. आधी मनात आलं होतं, दहाच पाठवावीत. शेवटचं पान माझ्याकडे ठेवावं, ते ऐकायला तरी तू येशील. मग लक्षात आलं, हेच मी एकदा करून बसलोय. म्हणून सगळी पाठवतोय. मागे काही ठेवलेलं नाही. आता तुला इकडे यायला काही कारण उरलेलं नाही, तेही मला माहीत आहे.

शेवट तू वाचशीलच. वरचा दोर खुंटीला बांधून रस्त्यापर्यंत जातो, अर्धा तास उभा राहतो आणि परत येतो. खालून हाक येतच असते. तो दोर हातात घेतो आणि म्हणतो, "आहे की. जाणार कुठे?" तू रचलेले शेवट मला याच्यापेक्षा जास्त आवडले होते. खास करून ते दोघंही विहिरीत अडकतात तो.

माझं म्हणशील तर गाठोडी फोडतो. एकटाच असतो, पण निघून जावंसं वाटत नाही, याचं माझं मलाच नवल वाटतं. सापडलेलं सगळं त्याच दिवशी जमा करतो. परवा एक चप्पल निघाली. उजव्या पायाची. मी ती घेऊन अख्ख्या कारखान्यात फिरलो, सगळ्यांना दाखवली. तू पाहिजे होतास.

घडीच्या टेबलावर आता घड्याळाबरोबर एक नवी बाई आहे. काल पाणी प्यायला गेलो तेव्हा ऐकलं, म्हातारबा चादर वर धरून विचारत होता, "आहेस?" कुणी शिकवलं कोण जाणे.

मावशी पुढच्या रविवारी परत येतील. काही लिहून दे म्हणत नाही. आपला कायदा एवढाच होता, शिक्क्याचं टोक ज्याच्या हातात त्याने विचारायचं. या खेपेला ते माझ्या हातात आहे.

मास्तर, आहेस?